किंगस्नेक: रंग बघून घ्यावा की गाव विचारून?

रानवाटा (धागाकर्ता)

ह्यूस्टनात घरातल्या एका भिंतीला शेल्फ लावून झालंय. त्यावर तीन पेट्या बसतात, प्रत्येकी ३६ बाय १८ इंच. तिन्हींत किंगस्नेकच (अमेरिकेकडचे बिनविषारी साप) ठेवायचे, अजगर वगैरे नकोत, हे नक्की. यादी अशी: पिवळाधमक ‘बनाना’ कॅलिफोर्निया किंग, काळाकुट्ट मेक्सिकन ब्लॅक, आणि राखाडीवर नारिंगी पट्ट्यांचा ग्रे-बँडेड. एक हळद, एक काजळ, एक आकाशकंदील.

प्रश्न दोन. क्रम कोणता ठेवावा? आणि दुसरं, ग्रे-बँडेड विकणारे प्रत्येक पिल्लाबरोबर पश्चिम टेक्सासातल्या रस्त्याचं किंवा जागेचं नाव सांगतात: हा लँगट्रीचा, हा रिव्हर रोडचा, हा ख्रिसमस माउंटन्सचा. साप तर चार पिढ्या प्लास्टिकच्या डब्यात जन्मलेला. दिसायला सारख्याच दोन पिल्लांपैकी नाववाल्याला जास्त पैसे का मोजायचे?

खवलेकर

आधी क्रम. कॅलिफोर्निया किंग, मग मेक्सिकन ब्लॅक, सगळ्यात शेवटी ग्रे-बँडेड. कारण एकच: खाणं. कॅलिफोर्निया किंगचं पिल्लू पहिली कात टाकली की वितळवलेलं पिंकी (म्हणजे उंदराचं बिनकेसाचं पिल्लू) बहुधा पहिल्याच दिवशी ओढून नेतं. ग्रे-बँडेडची पिल्लं सरडे खाणाऱ्या आईबापांची. पिंकीला ती अन्न समजतच नाहीत. त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच.

पहिला साप सहा महिने नियमित खातोय, कात एका तुकड्यात टाकतोय आणि तापमानाचे आकडे उन्हाळा-हिवाळ्यात हलत नाहीत, एवढं दिसेपर्यंत दुसरा आणू नका. तोवर दुसरी पेटी रिकामीच चालू ठेवा. थर्मोस्टॅटचे दोष रिकाम्या पेटीत कळलेले बरे.

पेटीचं माप ग्रे-बँडेडला पुरेल. चार फुटी होणाऱ्या कॅलिफोर्निया किंगला मात्र पुढे ४८ बाय २४ लागेल. उलट अंड्यातून आलेल्या पिल्लाला ३६ इंच म्हणजे मैदान. त्याला सहा लिटरचा झाकणाचा डबा द्या, दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा आणि बुडाला ओला कापूस न ठेवता कागद. डब्याला भोकं पाडताना ३ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. पेन्सिलीएवढ्या पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून उरलेला सापही जातो.

अर्धशिशी

तीन पेट्या. म्हणजे वर्षभरात नऊ. धागा वाचनखुणेत टाकला आहे, पुढच्या दिवाळीला मोजायला येतो.

पेकोसकाठ

गावाबद्दल.

ग्रे-बँडेड, शास्त्रीय नाव लॅम्प्रोपेल्टिस अल्टर्ना. पश्चिम टेक्सास, उत्तर मेक्सिको आणि न्यू मेक्सिकोचा एक कोपरा, एवढाच मुलूख. १९०१ मध्ये ब्राउन यांनी डेव्हिस पर्वतातल्या सापावरून वर्णन केलं. पुढे १९५० मध्ये तशाच खडकाळ भागातला रुंद नारिंगी पट्ट्यांचा साप ‘ब्लेरी’ नावाची वेगळी जात म्हणून नोंदला गेला. मग एकाच मादीच्या अंड्यांतून बारीक काळ्या रेघांची ‘अल्टर्ना’ आणि रुंद पट्ट्यांची ‘ब्लेरी’ अशी दोन्ही पिल्लं निघाली आणि दोन जातींची एक झाली. दशकानुदशकं हा अमेरिकेतला अतिदुर्मीळ साप मानला जायचा. दुर्मीळ नव्हता, चुनखडीच्या भेगांत राहतो आणि रात्री बाहेर पडतो, म्हणून दिसत नव्हता. रस्त्यांसाठी डोंगर कापले, त्या कापांवर रात्री बॅटऱ्या मारत फिरायला लोक लागले, तेव्हा सापडायला लागला.

म्हणून गावांची नावं रस्त्यांची आहेत. आणि नावाला रंगाचा आधार आहे. लँगट्रीकडच्या सापांत रुंद नारिंगी पट्टे बरेच दिसतात, डेव्हिस पर्वताकडचे पुष्कळदा गडद आणि बारीक रेघांचे. नियम नव्हे, कल. पण वंशावळ ठेवली तर हा कल पिढ्यान्‌पिढ्या राहतो. सगळं एकत्र केलं की तिसऱ्या पिढीत सरसकट राखाडी-नारिंगी मधलं काहीतरी हातात येतं.

आणखी एक. एकदा मिसळलेली ओळ परत वेगळी करता येत नाही, आणि रानातून नवी आणणंही आता तितकं सरळ नाही. टेक्सासने २००७ मध्ये सार्वजनिक रस्त्यांच्या हद्दीत साप धरायला बंदी केली. २०११ पासून शिकारीच्या परवान्यावर सरपटणाऱ्यांचा वेगळा शिक्का घेऊन आणि अंगात चमकणारं जाकीट घालून, गाडीतून खाली उतरून शोधता येतं. गाडीतून प्रकाशझोत टाकणं चालत नाही. जास्तीचे पैसे त्या नोंदवहीचे आहेत, सापाचे नाहीत.

गंधर्वनगरी

हे सापांचं सोवळं झालं! माणसांचं गाव-गोत्र विचारणं बंद करा म्हणायचं आणि सापाला ‘मूळचे कुठले?’ विचारायचं.

पिंजऱ्यातला साप परत रानात सोडायचा नसतो. मग लँगट्रीची ओळ शुद्ध राहिली काय आणि न राहिली काय, तिथल्या जंगली सापांना काही फरक नाही. पाळणाऱ्याने डोळ्यांना सुख देणारा, खाणारा, धडधाकट साप बघावा. कॅलिफोर्निया किंगमध्ये अल्बिनो, लॅव्हेंडर, हायपो (काळा रंग कमी असलेला), घोस्ट, चॉकलेट, हाय व्हाइट असा रंगांचा बाजार भरलाय आणि त्यातले कोणीच गाव सांगत नाहीत. तरी मजेत जगतात.

पेकोसकाठ

@गंधर्वनगरी, गाव सांगत नाहीत हे खरं नाही. पाठीवर सरळ पट्टा असलेला कॅलिफोर्निया किंग मुळात सॅन दिएगो भागातला. पूर्वी पट्ट्याचा ‘कॅलिफोर्निए’ आणि आडव्या कड्यांचा ‘बॉयली’ अशा दोन जाती मानायचे. लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३० च्या दशकात एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नक्षीची पिल्लं काढून दाखवली, तेव्हा तो वाद मिटला. (हे गृहस्थ पेशाने विजेच्या कंपनीतले इंजिनिअर.) न्यूपोर्ट ही किनाऱ्यावरची तुटक-मिश्र नक्षीही गावाच्याच नावाने विकली जाते.

काजळी

मेक्सिकन ब्लॅकपुरता गावाचा मुद्दा व्यवहाराचा आहे, सोवळ्याचा नाही. मेक्सिकन ब्लॅक आणि कॅलिफोर्निया किंग यांचा संकर सहज होतो, पिल्लं जननक्षम असतात आणि गडद निघाली की ‘मेक्सिकन ब्लॅक’ म्हणून खपतात. दोन वर्षांनी मानेखाली, पोटाच्या कडांना फिकट कड्या उमटायला लागतात. मेक्सिकोतल्या सोनोराकडच्या चांगल्या ओळीतही पिल्लाच्या हनुवटीवर, क्वचित अंगावर पांढरे ठिपके असतात, पण ते वयाबरोबर बुजत जातात. उलट होत असेल तर काजळात दुसरं काहीतरी मिसळलंय.

विकत घेताना मागायच्या गोष्टी: आई आणि बाप दोघांचे पोटाकडून फोटो, पिल्लाचा आजचा फोटो, शेवटच्या पाच खाण्यांच्या तारखा. पाठीचा फोटो सगळेच सुंदर पाठवतात.

आणि तुमच्या यादीतला हाच एक साप, जो फोटोत निम्माही दिसत नाही. कात टाकल्यावर दोन-तीन दिवसांत सकाळच्या तिरप्या उन्हात धरा. काळ्यावर निळी-जांभळी झाक फिरते, तेल सांडलेल्या पाण्यासारखी. ती रंगद्रव्याची नाही, खवल्याच्या पृष्ठभागाच्या रचनेची. फ्लॅश मारला की गेली.

शून्यप्रहर

बाकी रंगवाल्या पिल्लांच्या जाहिरातींतलं ते गणित कोणी सांगेल का? ‘६६ टक्के हेट’ म्हणजे नक्की काय विकत घेतो आपण?

खवलेकर

@शून्यप्रहर, अल्बिनो हा अप्रभावी गुण. दोन प्रती लागतात, एक आईची एक बापाची. एकच प्रत असलेला साप दिसायला साधा, त्याला बाजारात ‘हेट’ म्हणतात. हेट गुणिले हेट केलं की सरासरी चारात एक अल्बिनो, दोन हेट, एक कोरा. अल्बिनो डोळ्यांना दिसतो, तो बाजूला काढा. उरलेल्या तीन साध्यांत दोन हेट. दोन भागिले तीन, म्हणून ६६ टक्के. म्हणजे ती लॉटरीच. पैसे साध्या सापाचेच द्या, वरचे शंभर-दोनशे ‘शक्यते’ला देऊ नका.

घोस्ट म्हणजे हायपो आणि लाल-पिवळा नसणं हे दोन वेगळे अप्रभावी गुण एकत्र. दोन्हींच्या हेट जोडीतून सोळात एक. नऊ अंड्यांचा घाणा धरला तर निदान एक अल्बिनो मिळण्याची शक्यता ९२ टक्क्यांच्या पुढे, पण निदान एक घोस्ट मिळण्याची फक्त ४४. आणि उरलेली आठ पिल्लं खातात तेवढीच, जागा अडवतात तेवढीच. रंगाच्या मागे लागलेले लोक इथे फसतात. एका घोस्टसाठी आठ जणांची वीस-वीस वर्षांची सोय लावायची असते.

निवांत_नाना

बाकी सगळं ठीक, पण किंगस्नेकचा मुख्य गुण कोणी सांगितलाच नाही. हा साप साप खातो. एका पेटीत दोन ठेवले तर काही दिवसांनी एक जाडा साप मिळतो.

पेकोसकाठ

नाना, :) हे नियम क्रमांक शून्य म्हणून वर लावायला हवं.

भावंडं, नर-मादी, ‘दोघं लहान आहेत’, काही चालत नाही. ताकदही भारी. २०१७ मध्ये पेनिंग आणि मून या संशोधकांनी किंगस्नेक आणि रॅटस्नेक यांची विळख्याची ताकद मोजली. स्नायूंचं आकारमान सारखंच निघालं, पण किंगस्नेकचा दाब जास्त. त्याची वेटोळी स्प्रिंगसारखी एकसारखी बसतात, रॅटस्नेकची अस्ताव्यस्त. त्यामुळे तो स्वतःपेक्षा लांब साप आवळून गिळतो, पोटात नागमोडी घडी घालून बसवतो.

सांगलीकर_राजा

म्हणजे नाग आणि याची झुंज लावली तर? ह.घ्या. (हलकेच घ्या)

काजळी

ह.घेतलं, पण उत्तर आहे. याच्या रक्तातला प्रतिकार त्याच्या शेजारच्या रॅटलस्नेक, कॉपरहेड, कॉटनमाउथ यांच्या विषाला. नाग-मण्यार कुळाच्या विषासमोर त्याचा भरवसा नाही.

सांगलीकर_राजा

बरं, गंभीर प्रश्न. इकडे पुण्या-मुंबईत असा साप मिळेल का? फोनवर जाहिराती येतात.

निवांत_नाना

जाहिराती येतात, साप घेऊ नका. आपल्याकडचा कोणताही देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा, मग ती बिनविषारी धामण असो. परदेशी जिवंत प्राणी आणायला केंद्राच्या परदेश व्यापार खात्याचा परवाना लागतो आणि जाहिरातीतल्या सापाला तो असण्याची शक्यता शून्याच्या आसपास. २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. बाजारात आलेला साप त्याच वाटेने आलेला समजायचा. शिवाय इकडे सापाचे डॉक्टर, गोठवलेले पिंकी, काहीच सहज नाही. फोटो बघा, धागे वाचा.

रेवती_क

अवांतर: हे पट्ट्यांचं प्रकरण आपल्याला नवीन नाही. मण्यार विषारी, तिच्यासारखे आडवे पट्टे असलेला कवड्या बिनविषारी, आणि दरवर्षी पावसाळ्यात ‘मण्यार मारली’ म्हणून कवड्या मारला जातो. अमेरिकेत कोरल स्नेक आणि स्कार्लेट किंगस्नेक यांचं तेच. तिकडे पोरांना शिकवतात की लाल पिवळ्याला टेकला तर सावध, लाल काळ्याला टेकला तर बिनविषारी. पण हा नियम अमेरिकेपुरताच. मेक्सिकोपासून खाली कोरलच्या पट्ट्यांचा क्रम बदलतो आणि नियम जीव घेऊ शकतो.

अजून गंमत म्हणजे याच कुळातल्या एका सापाचं इंग्रजी नाव ‘मिल्क स्नेक’, कारण तो गोठ्यात शिरून गाईचं दूध पितो अशी तिकडच्या शेतकऱ्यांची समजूत होती. येतो तो उंदरांसाठी. आपल्याकडे धामण म्हशीच्या पायाला वेटोळं घालून सड चोखते, हीच गोष्ट. दोन खंडांतल्या सापांवर एकच आळ!

सांगलीकर_राजा

+१. आमच्याकडे अजून म्हशीने दूध कमी दिलं की धामणीचं नाव.

वायरमन

विषयावर येऊ. गरमीबद्दल कोणी लिहिलं नाही आणि सापांचे सगळ्यात जास्त अपघात तिथे होतात.

लाकडी पेटी असेल तर हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) तळाखाली लावू नका. लाकूड उष्णता अडवतं, आत काही पोचत नाही, मॅट आणि लाकडाच्या मध्ये ताप साठत जातो आणि लाकूड काळं पडायला लागतं. लाकडाला वरून ७५ वॅटचा हॅलोजन, डिमिंग (दिवा मंद-तेज करणाऱ्या) थर्मोस्टॅटवर, भोवती जाळीचा पिंजरा. जाळी नसली तर साप दिव्याला वेटोळं घालतो आणि पोट भाजून घेतो. त्याला भाजल्याचं वेळेवर कळत नाही.

काच किंवा प्लास्टिकला मॅट चालते. तळाच्या एक तृतीयांश भागालाच. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि तळ यांच्या मध्ये, बाहेरून, धातूच्या चिकटपट्टीने पक्का. आत भुश्यात ठेवू नका. साप तो उकरून थंड बाजूला ढकलतो, थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि मॅट पूर्ण जोराने चालू राहते. थर्मोस्टॅटशिवाय मॅट सहज पन्नास अंशांच्या पुढे जाते. साप भुसा बाजूला सारून थेट तळावर पडतो, म्हणून आकडा भुश्यावर नव्हे, उघड्या तळावर मोजा, इन्फ्रारेड बंदुकीने. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकन ब्लॅकला गरम बाजू ३० ते ३१, थंड बाजू २३-२४. ग्रे-बँडेडला गरम बाजू २८ पुरे. डोंगरी जाती, म्हणजे पायरोमेलाना आणि झोनाटा, २७ च्या वर नाखूष.

सरकत्या काचांच्या दोन पानांमध्ये जी ४-५ मिलिमीटरची फट राहते ती पिल्लाचा महामार्ग. प्लास्टिकची पारदर्शक पट्टी मिळते, ती बसवा, आणि काचेला कुलूप. लहान मुलांपेक्षा सापासाठी.

गंधर्वनगरी

@वायरमन, उत्तम. वीज गेली तर? ह्यूस्टन म्हणजे वादळं.

वायरमन

पोट रिकामं असेल तर १५ अंशांत दोन-तीन दिवस काही होत नाही. पोटात उंदीर असेल तर पचन थांबतं, आत सडतो, साप ओकतो. म्हणून वादळाचा अंदाज असेल त्या आठवड्यात खाऊ घालू नका. ओकल्यावर १४ दिवस काही द्यायचं नाही, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं. दुसऱ्या दिवशी ‘बिचारा उपाशी’ म्हणून परत दिलं की परत ओकतो, आणि दर वेळी आतली पाचकद्रव्यं आणि पाणी जातं.

ह्यूस्टनचं खरं संकट उन्हाळ्यातली वीज जाणं. ३५ अंशांच्या पुढच्या बंद खोलीत हा साप तासाभरात बिघडतो. बर्फाचा थंड डबा पंचात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला, आणि भुश्याऐवजी ओला कागद.

पिंकीवाली

खाण्याचं लिहिते. खवलेकरांनी बोलावलंच आहे.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, दिला जाईल त्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. डोकं हाताला गरम लागलं पाहिजे, ३८ च्या आसपास. मायक्रोवेव्ह नको, आत शिजतो, बाहेर थंड राहतो आणि फुटतो. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा किंचित जास्त. पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला एक पूर्ण उंदीर दहा-चौदा दिवसांनी. किंगस्नेक कधीच ‘नको’ म्हणत नाही. तो मागतो म्हणून दिलं तर दोन वर्षांत खवल्यांच्या मधली कातडी दिसायला लागते, शेपटीच्या मुळाशी खळगे भरून येतात. तो जाड नाही, आजारी आहे.

ग्रे-बँडेडचं पिल्लू. पहिली कात अंड्यातून आल्यावर सात ते बारा दिवसांनी. त्यानंतर क्रमाने:

आधी साधं वितळवलेलं पिंकी, संध्याकाळी, चार इंची झाकणाच्या डब्यात पिल्लाबरोबर ठेवून अंधारात रात्रभर. बघत बसू नका. दोन-तीन वेळा नाही जमलं तर पिंकी साबणाने धुवून पाण्याने काढा आणि गोठवून वितळवलेल्या सरड्यावर घासा. घासताना नाकाला जास्त लावा, साप तिथून धरतो. सरडा निदान महिनाभर गोठलेला असावा, ताज्यातून परजीवी येतात. तरी नाही तर पिंकीचं डोकं सुईने टोचून मेंदूचा थेंब बाहेर येऊ द्या. ओंगळ आहे, पण वासाने काम होतं. हेही फसलं आणि पिल्लू वजनात टिकून आहे, तर त्याला न खाताच सहा-आठ आठवडे १२-१३ अंशांत झोपवा, पाणी ठेवून. जागं झाल्यावर बरीच पिल्लं आपसूक खातात, कारण रानातही ती पहिला हिवाळा जवळपास उपाशीच काढतात.

सरड्याचा वास एकदा लावला की तो सोडवायचाही असतो. दर वेळी थोडा कमी घासा. नाहीतर तीन वर्षांचा साप होऊनही सरडाच मागतो.

एवढ्या सगळ्यापेक्षा सोपं: सहा खाणी पूर्ण झालेलं, बिनवासाचं पिंकी खाणारं पिल्लू विकत घ्या. पैसे जास्त लागतील. पेकोसकाठांच्या नोंदवहीच्या पैशांपेक्षा मी हे पैसे आधी देईन.

अर्धशिशी

‘मेंदूचा थेंब’ वाचून नाश्ता बाजूला ठेवला.

काजळी

पिंकीवालीताईंच्या मुद्द्याला जोडून, चावणं. किंगस्नेक रागावून कमी चावतो, भुकेने जास्त. हाताला उंदराचा वास असेल तर बोट म्हणजे जेवण. आणि तो धरून सोडत नाही, चावत चावत पुढे सरकतो. उंदीर १२ इंची चिमट्याने द्या. एरवी पेटी उघडल्यावर साप उचलायच्या हुकने पाठीला हलका स्पर्श, मग हात. काही आठवड्यांत ‘हुक म्हणजे जेवण नाही’ हे त्याला समजतं. धरलंच तर ओढू नका, दात आत वळलेले असतात. थंड पाण्याची धार, नाहीतर जबड्याच्या कडेला माउथवॉशचा थेंब. विष नाही, साबणाने धुवायचं.

कधीकधी हाच साप स्वतःची शेपटी गिळायला लागतो. बहुतेक वेळा पेटी जास्त तापलेली असते. आधी गार जागी हलवा, मग कारण शोधा.

शून्यप्रहर

लाल-नारिंगी खुलावा म्हणून गाजराची किंवा पेपरिकाची पावडर उंदराला लावतात म्हणे?

खवलेकर

फ्लेमिंगोला चालतं. किंगस्नेक आणि कोरलमधला लाल मुख्यतः प्टेरिडीन नावाच्या रंगद्रव्यांचा, ती शरीर स्वतः बनवतं. पावडरीने उंदीर नारिंगी होईल. रंग मंद दिसत असेल तर बहुधा कात जवळ आलीय: डोळे दुधी-निळे होतात, चार-पाच दिवसांनी स्वच्छ होतात, आणि मग तीन-चार दिवसांत कात. त्या काळात ओल्या शेवाळाचा एक झाकणाचा डबा ठेवा. डोळ्यावरची टोपी राहिली तर नखाने काढू नका, पुढच्या कातीबरोबर येते.

आणि थायेरी किंगस्नेकचं कोणी नावही काढलं नाही! मेक्सिकोतल्या नुएवो लिऑनचा, ‘व्हेरिएबल’ म्हणतात तो. एकाच घाण्यात राखाडीवर लाल खोगिरांचं, मिल्क स्नेकसारखं तिरंगी आणि पूर्ण काळं, अशी तीन प्रकारची भावंडं निघू शकतात. रंग बघणाऱ्याला त्यापरता साप नाही.

रेवती_क

रंगाच्या हौसेची दुसरी बाजूही नोंदवते. कॅनरी बेटांतल्या ग्रान कनारियावर पाळीव कॅलिफोर्निया किंग सुटले, १९९० च्या दशकाच्या शेवटापासून रानात दिसायला लागले. त्यांत अल्बिनो पुष्कळ. रानात अल्बिनो टिकत नाही असं आपण म्हणतो, पण तिथे साप जमिनीखाली राहतो आणि त्याला खाणारं फारसं कोणी नाही. त्या बेटावर मुळात एकही साप नव्हता, त्यामुळे तिथल्या मोठ्या सरड्यांना पळायचं माहीतच नाही. साप पसरलेल्या भागांत त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०२१ च्या अभ्यासात निघालं. २०२२ मध्ये युरोपियन युनियनने हा साप आक्रमक परकीय जातींच्या यादीत घातला. आधीपासून पाळलेला मरेपर्यंत ठेवता येतो, पण पैदास किंवा देवाणघेवाण नाही. जर्मनी-नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. हवाईत तर कोणताच साप चालत नाही, आणि जॉर्जियात तिथला देशी बिनविषारी साप पाळता येत नाही, त्यामुळे राज्य बदलताना नियम आधी वाचा.

गंधर्वनगरी

मान्य. आणि गावाबद्दलही थोडा मागे येतो. मेक्सिकन ब्लॅकचा संकराचा मुद्दा पटला. पण कॅलिफोर्नियाच्या रंगवाल्या ओळींत गाव केव्हाच विरघळलंय, तिथे खाणं आणि पाठीचा कणा बघा. पिल्लू बोटांवरून सरकू द्या, गाठ किंवा वाक लागतो का ते कळतं. अंडी ३१ अंशांच्या वर उबवली की असे वाकडे कणे निघतात. २७-२८ अंशांत साठएक दिवस लागतात, घाई असणारे तापमान वाढवतात.

रानवाटा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. बदललेला बेत: आत्ता एकच, कॅलिफोर्निया किंग, बनाना नाही तर सॅन दिएगोकडच्या ओळीचा साधा सरळ पट्ट्याचा. दुसऱ्या पेटीत सहा महिन्यांनी काजळ. ग्रे-बँडेड वर्षानंतर, लँगट्रीचा, पण पिंकीवालीताईंच्या अटीवर: सहा खाणी पूर्ण, बिनवासाची. म्हणजे गाव विचारणार, पण आधी ‘जेवलास का?’ विचारणार.

शेवटची शंका. नवा साप वेगळ्या खोलीत किती दिवस? आणि नेमकं काय बघायचं?

पिंकीवाली

नव्वद दिवस, वेगळी खोली, वेगळा चिमटा, वेगळी पाण्याची वाटी, आणि रोज आधी जुना साप आवरायचा, मग नवा. तळाला भुसा नाही, पांढरा कागद. पाण्याच्या वाटीत तळाशी काळे ठिपके दिसले, किंवा हनुवटीच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला हलणारी मोहरी, तर त्या माइट (रक्त पिणारे बारीक किडे). कागद रोज बदला, लाकडी सामान टाकून द्या, रिकाम्या पेटीला पर्मेथ्रिनचा फवारा मारून पूर्ण वाळल्यावरच साप परत, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

दुसरं, खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी ओकणं आणि शरीराच्या मधोमध टणक फुगवटा. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो. पोटातला नमुना घेऊन पीसीआर करून घ्या. औषध नाही, आणि ब्लीचने तो मरत नाही, अमोनियाने मरतो. दोन्ही एकत्र कधीही वापरू नका, विषारी वायू होतो.

विष्ठेचा नमुना पहिल्या महिन्यात एकदा. पहिलं खाणं आल्यापासून सात दिवसांनी, तोवर हात लावायचा नाही.

अर्धशिशी

तीन पेट्या, वर एक विलगीकरणाची. चार झाल्या की.